पिंक्टाडा : एका प्रजातीच्या नावांचा वाद

कार्ल लिनियस यांनी 1758 साली ‘सिस्टिमा नॅचुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत मोती देणाऱ्या दोन वेगळ्या शिंपल्यांना जवळजवळ एकच नाव दिले. युरोपातल्या थंड नद्यांमधला शिंपला ‘माया मार्गारिटिफेरा’ झाला आणि उष्ण समुद्रातला ‘मायटिलस मार्गारिटिफेरस’. दोन्हींचा अर्थ मोती धारण करणारा. प्रजातीचे नाव वेगळे असल्यामुळे नियमाच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. प्राण्यांची शास्त्रीय नावे याच आवृत्तीपासून ग्राह्य धरली जातात. त्यामुळे सागरी मोत्यांच्या शिंपल्यांच्या नामकरणाची सुरुवात इथेच होते, आणि त्यातल्या गोंधळाचीही.

नदीतला शिंपला आज ‘मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा’ म्हणून ओळखला जातो. समुद्रातला झाला ‘पिंक्टाडा मार्गारिटिफेरा’, ताहितीच्या काळ्या मोत्यांचा शिंपला. प्रजाती बदलताना त्याच्या नावाची शेपटीही बदलली. मायटिलस हे नाव पुल्लिंगी, पिंक्टाडा स्त्रीलिंगी. आणि जातीचे नाव विशेषण असेल तर त्याला प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालावे लागते.

या नावांकडे दोन बाजूंनी पाहिले जाते. संग्रहालयात शिंपले जपणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञाच्या मते नाव हे नात्याविषयीचे विधान असते. पुरावा बदलला की विधान बदलायलाच हवे. किनाऱ्यावरच्या उबवणीगृहात शिंपल्यांची पैदास करणाऱ्या संवर्धकाला नाव म्हणजे पत्ता वाटतो, आणि पत्ता वारंवार बदलणे त्याला परवडत नाही. पुढील संवाद या दोन बाजूंचा आहे.

संवर्धक : सर, जुने अहवाल उघडले की एकात ‘ॲव्हिक्युला’ असते, दुसऱ्यात ‘मेलिॲग्रिना’, तिसऱ्यात ‘मार्गारिटिफेरा’. पाण्यातला प्राणी तोच. इतकी नावे लागतातच कशाला?

वर्गीकरणतज्ज्ञ : लागत नाहीत, साचतात. ‘ॲव्हिक्युला’ हे ब्रुगिएर यांचे, 1792 मधले. त्याच गटाला स्कोपोली यांनी 1777 मध्येच ‘टेरिया’ म्हटले होते, म्हणून ते टिकले आणि ‘ॲव्हिक्युला’ मागे पडले. लामार्क यांचे ‘मेलिॲग्रिना’ आले 1819 मध्ये. तोवर रोडिंग यांच्या ‘पिंक्टाडा’ला 21 वर्षे झाली होती. नियम साधा आहे : रीतसर छापलेले सर्वांत जुने नाव चालवायचे.

नियम साधा असला तरी ‘पिंक्टाडा’ची जन्मकथा साधी नाही. योआखिम फ्रीडरिश बोल्टेन हे हॅम्बुर्गचे एक वैद्य. शंखशिंपल्यांचा त्यांचा संग्रह मोठा होता. त्यांच्या मृत्यूनंतर तो लिलावात काढण्यासाठी पीटर फ्रीडरिश रोडिंग यांनी 1798 मध्ये एक यादी छापली, ‘म्युझियम बोल्टेनियानम’. तिच्यात वर्णने जवळजवळ नाहीत. नाव, आणि केम्निट्झसारख्या लेखकांच्या सचित्र ग्रंथांतल्या आकृत्यांचे हवाले, एवढेच. लिलाव झाला आणि यादी विसरली गेली. 19व्या शतकातले बहुतेक शंखशास्त्रज्ञ लामार्क यांची नावे वापरत राहिले. 20व्या शतकाच्या आरंभी ती दुर्मीळ यादी पुन्हा चर्चेत आली आणि अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम हीली डॉल यांनी 1915 मध्ये तिची सूची प्रसिद्ध केली. आकृतीचा हवाला हेच वर्णन मानता येते, म्हणून यादीतली नावे वैध ठरली आणि शंभर वर्षे रुळलेली कित्येक नावे पायउतार झाली.

संवर्धक : म्हणजे लिलावाच्या माहितीपत्रकाने लामार्कना हरवले!

वर्गीकरणतज्ज्ञ : हरवले खरे. पण पर्याय काय होता? लामार्क थोर म्हणून त्यांचे नाव राखायचे ठरवले, तर थोरवी कोणी मोजायची? तारीख मोजता येते.

संवर्धक : तारखेचा न्याय मान्य, पण त्याची किंमत वाचक मोजतो. मन्नारच्या आखातातल्या मोतीपट्ट्यांवर हर्डमन यांनी सिलोन सरकारला दिलेला अहवाल 1903 ते 1906 या काळात छापला गेला. आजही तो चाळावा लागतो. त्यात शिंपल्याचे नाव आहे ‘मार्गारिटिफेरा व्हल्गारिस’. आजच्या विद्यार्थ्याने ‘मार्गारिटिफेरा’ हा शब्द शोधला, तर त्याला स्कॉटलंडच्या नदीतला शिंपला सापडतो.

हा आक्षेप खरा आहे. शूमाखर यांनी 1816 मध्ये ‘मार्गारिटिफेरा’ हे प्रजातीनाम नदीतल्या शिंपल्याला दिले होते, आणि आज ते त्याच्याकडेच आहे. तरीही 1901 मध्ये हेन्री लिस्टर जेम्सन यांनी सागरी गटाची फेरमांडणी केली ती याच नावाखाली. जुन्या ग्रंथात हे नाव दिसले की आधी पाणी गोडे की खारे ते पाहावे लागते.

जेम्सन यांचे काम मात्र केवळ नावांच्या अदलाबदलीचे नव्हते. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात आलेल्या त्या निबंधात त्यांनी ‘मॅक्सिमा’ ही जाती प्रथम वेगळी मांडली. पिंक्टाडा मॅक्सिमा म्हणजे प्रजातीतला सर्वांत मोठा शिंपला. तो 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. ‘साउथ सी’ मोती त्याचेच, आणि 19व्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर ऑस्ट्रेलियातून त्याची कवचे गुंड्यांसाठी ढिगांनी निर्यात होत होती.

संवर्धक : इथे तर शास्त्र व्यापाऱ्यांच्या मागून आले. दलालांच्या बोलीत ‘सिल्व्हर लिप’, ‘गोल्ड लिप’ आणि ‘ब्लॅक लिप’ हे माल वेगळे होते. पहिले दोन म्हणजे तुमची मॅक्सिमा, तिसरी मार्गारिटिफेरा. इराणी आखातातल्या छोट्या शिंपल्याला ‘लिंगा’ म्हणत. सर्वांत मोठ्या शिंपल्याला शास्त्रीय नाव मिळायला 1901 उजाडले.

वर्गीकरणतज्ज्ञ : व्यापाऱ्यांनी सिल्व्हर लिप आणि गोल्ड लिप हे दोन माल मानले, आपण ती एकच जाती मानतो. कडेचा रंग भाव ठरवायला पुरतो, नाते ठरवायला पुरत नाही. जेम्सननी भावापलीकडच्या खुणा पाहिल्या.

त्या खुणांचा उल्लेख इथे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्या भरवशाचा आहे. पिंक्टाडाच्या शिंपल्याची बिजागरी सरळ रेषेत असते आणि तिच्या दोन टोकांना कानासारखे भाग असतात. पुढच्या कानाखाली एक खाच असते. तिच्यातून धाग्यांचा जुडगा बाहेर पडतो आणि शिंपला खडकाला बांधून राहतो. मॅक्सिमा आणि मार्गारिटिफेरा यांच्या बिजागरीला दात नसतात. अकोया या जपानी मोत्यांच्या लहान शिंपल्याला असतात. मार्गारिटिफेराच्या आतल्या चमकदार थराची कड काळसर असते. याशिवाय झडपांचा फुगवटा, वरच्या खवल्यांची मांडणी आणि मध्यापासून कडेकडे जाणारे रंगीत पट्टे पाहतात. मोठ्या जाती एवढ्यावर ओळखता येतात. लहान जातींत याच खुणा दगा देतात. खोल पाण्यात, गाळात किंवा दाटीवाटीने वाढलेला शिंपला आकाराने इतका बदलतो की एकाच पट्ट्यावरचे दोन शिंपले दोन जातींचे वाटावेत.

अकोया गटाचा प्रश्न नेमका हाच आहे. मोत्याच्या शिंपल्यांच्या वर्गीकरणातले सर्वांत किचकट प्रकरण तेच, आणि भारताशी थेट संबंध असलेलेही तेच.

संवर्धक : मन्नारच्याच पट्ट्यांचे घ्या. हर्डमन यांनी लिहिले ‘मार्गारिटिफेरा व्हल्गारिस’. मग ती ‘पिंक्टाडा व्हल्गारिस’ झाली. तुतिकोरीनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत अळगरस्वामी यांनी 1973 मध्ये भारतातला पहिला संवर्धित मोती काढला, तो ‘पिंक्टाडा फ्युकाटा’पासून. आता म्हणतात ‘पिंक्टाडा इंब्रिकाटा फ्युकाटा’ लिहा. शंभर-सव्वाशे वर्षांत चार नावे, आणि त्यांतले एकही प्राण्यात काही बदल झाला म्हणून आलेले नाही.

वर्गीकरणतज्ज्ञ : प्राणी बदलला नाही, त्याचे नातेवाईक सापडले. एका लहानखुऱ्या, दातांच्या बिजागरीच्या शिंपल्याला जगभर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी नावे दिली. रोडिंग यांनी 1798 मध्ये ‘इंब्रिकाटा’ म्हटले. हे नाव पुढे अटलांटिक बाजूच्या शिंपल्यांसाठी रुळले. लीच यांनी 1814 मध्ये ‘रॅडिएटा’ म्हटले; इराणी आखात आणि तांबड्या समुद्रातले शिंपले या नावाने ओळखतात. शूमाखर यांचे ‘व्हल्गारिस’ 1817 चे, गूल्ड यांचे ‘फ्युकाटा’ 1850 चे. जपानी शिंपल्यासाठी डंकर यांचे ‘मार्टेन्सी’ चालले. ही सगळी एकच जाती असेल तर सर्वांत जुने नाव कोणते?

संवर्धक : इंब्रिकाटा. पण ‘असेल तर’ हेच तर ठरायचे आहे.

इथे डीएनएचा पुरावा पुढे येतो. 2002 मध्ये पूर्व ऑस्ट्रेलियात कोल्गन आणि पाँडर यांनी दिसायला सारख्या आणि एकाच ठिकाणी राहणाऱ्या पिंक्टाडा जाती जनुकीय खुणांवरून वेगळ्या करून दाखवल्या. म्हणजे सारखे दिसणारे वेगळे निघाले. 2006 मध्ये यू आणि चू यांनी उलट दिशेचा निष्कर्ष मांडला : चीनची ‘फ्युकाटा’, जपानची ‘मार्टेन्सी’ आणि ऑस्ट्रेलियात ‘इंब्रिकाटा’ म्हणून ओळखला जाणारा शिंपला यांच्या डीएनएतला फरक इतका थोडा होता की त्यांना एकाच जातीत घालावे लागले. वेगळी नावे असलेले एक निघाले. इल्या टेमकिन यांनी 2010 मध्ये पिंक्टाडा आणि तिच्या आप्तांचा वंशवृक्ष मांडला. त्या मांडणीत या गटाची एक जाती आणि तीन उपजाती होतात : अटलांटिकमधली इंब्रिकाटा इंब्रिकाटा, इराणी आखात व तांबड्या समुद्राकडची इंब्रिकाटा रॅडिएटा आणि हिंदी-प्रशांत महासागरातली इंब्रिकाटा फ्युकाटा.

संवर्धक : यात मला एक गोष्ट खटकते. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगतचे कुबाग्वा बेट स्पॅनिश लोकांनी 16व्या शतकात मोत्यांसाठी काही दशकांत ओरबाडून काढले. ते मोती याच ‘इंब्रिकाटा’चे. कुबाग्वा आणि तुतिकोरीन यांच्यामध्ये आफ्रिका खंड आणि दोन महासागर आहेत. अळी पाण्यात तरंगते फार तर तीनेक आठवडे. एवढ्यात ती कुठून कुठे जाणार? ज्यांची कधी गाठ पडणार नाही, त्यांना एका जातीत कसे घालता?

वर्गीकरणतज्ज्ञ : एका फेरीत जाणार नाही, पिढ्यान्‌पिढ्या जाईल. आणि आज गाठ पडत नाही याचा अर्थ फार पूर्वी ताटातूट झाली, असा होत नाही. कदाचित अलीकडेच झाली असेल. डीएनएतला फरक थोडा दिसतो तो त्यामुळेच. उपजातीची सोय याचसाठी आहे : वेगळेपण नोंदवायचे, पण नाते तोडायचे नाही.

संवर्धक : थोडा म्हणजे किती? ती रेघ निसर्गाने ओढलेली नाही, तुम्ही ओढली. दुसरा कोणी आकडे तेच ठेवून रेघ जरा अलीकडे ओढेल आणि तीन स्वतंत्र जाती मानील.

वर्गीकरणतज्ज्ञ : मानतातही.

या मुद्द्यावर वर्गीकरणतज्ज्ञाची बाजू दुबळी आहे, आणि त्याचा ठसठशीत पुरावा जनुकसंचाच्या क्षेत्रातच मिळतो. ओकिनावातील विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेच्या गटाने 2012 मध्ये या शिंपल्याच्या जनुकसंचाचा पहिला मसुदा छापला तो ‘पिंक्टाडा फ्युकाटा’ या नावाने. मृदुकाय प्राण्यांच्या अगदी सुरुवातीच्या जनुकसंचांपैकी तो एक. 2017 मध्ये चिनी गटाने याच गटातल्या शिंपल्याचा जनुकसंच ‘पिंक्टाडा फ्युकाटा मार्टेन्सी’ या नावाने प्रसिद्ध केला. दोन्ही शोधनिबंधांत डीएनएचा पुरावा होता तेवढा भरपूर, पण नावांत एकमत नाही. माहितीकोशात एका नावाने शोध घेणाऱ्याला दुसरे सहज निसटते. पुरावा वाढला की नाव आपोआप स्थिर होते, ही समजूत इथे टिकत नाही.

तरीही संवर्धकाच्या ‘आहे ते नाव गोठवा’ या मागणीतही खोट आहे. कोणते नाव गोठवायचे? तुतिकोरीनला ‘फ्युकाटा’ सवयीचे, बहारीनला ‘रॅडिएटा’. महाराष्ट्रातल्या जुन्या नथींमधले बसरा मोती आखातातले, म्हणजे ‘रॅडिएटा’चे, त्यांच्या अभ्यासकाला दुसरे नाव परके वाटेल. भूमध्य समुद्रातही ‘रॅडिएटा’च रूढ आहे. सुएझ कालवा 1869 मध्ये खुला झाला आणि पुढच्याच दशकात हा शिंपला ईजिप्तच्या भूमध्य किनाऱ्यावर नोंदवला गेला. प्रत्येक किनाऱ्याने आपले नाव गोठवले तर एका जातीची पाच नावे कायमची राहतील.

संवर्धक : मग नियमात अपवाद नाहीतच का?

वर्गीकरणतज्ज्ञ : आहेत. एखादे जुने नाव 1899 नंतर कोणी वैध म्हणून वापरलेच नसेल आणि नवे नाव भरपूर रुळलेले असेल, तर नव्याला राखता येते. पण ‘इंब्रिकाटा’ 20व्या शतकात वापरात होते, म्हणून ती पळवाट इथे नाही. आंतरराष्ट्रीय आयोगाकडे अर्ज करून एखादे नाव राखून घेता येते, तो मार्ग उरतो.

संवर्धक : नावाचा परिणाम कागदापुरता नसतो, हेही पाहा. जपानमध्ये 1990 च्या दशकात अकोया शिंपले मोठ्या प्रमाणावर मेले. तेव्हा चीनमधून आणलेल्या शिंपल्यांशी संकर करून टिकाऊ पैदास घेतली. नावाने जाती एक, म्हणून शिंपले इकडून तिकडे नेणे सोपे वाटते. पण जपानी शिंपला थंड पाण्यातला आणि दक्षिणेकडचा उष्ण पाण्यातला. एका नावाखाली दोघांचे वेगळेपण पुसले गेले, तर परत कुठून आणायचे?

वर्गीकरणतज्ज्ञ : तो दोष नावाचा नाही, नावावर भागवण्याचा आहे. जातीचे नाव एवढेच सांगते की हे परस्परांचे जवळचे आहेत. पैदाशीचा शिंपला कुठला, हे सांगणे तुमच्या नोंदवहीचे काम. निबंधात ‘पिंक्टाडा इंब्रिकाटा फ्युकाटा (गूल्ड, 1850), तुतिकोरीन’ असे लिहा, कवचाचा एक नमुना आणि मांसाचा तुकडा संग्रहालयात ठेवा. उद्या नाव बदलले तरी शिंपला हाताशी राहील.

नावातल्या त्या कंसालाही अर्थ आहे. गूल्ड यांनी ही जाती ‘ॲव्हिक्युला’ म्हणून वर्णिली होती. पुढे ती पिंक्टाडात गेली, म्हणून त्यांचे नाव कंसात. रोडिंग यांनी ‘इंब्रिकाटा’ पिंक्टाडातच ठेवली होती, म्हणून ‘पिंक्टाडा इंब्रिकाटा रोडिंग, 1798’ बिनकंसाचे. जातीला घर बदलावे लागले की नाही, हे त्यावरून कळते.

मार्गारिटिफेराच्या बाबतीत दोघांचे फारसे भांडण नाही. तिची रूपे ठिकाणागणिक वेगळी दिसतात. जेम्सन यांनी 1901 मध्येच तांबड्या समुद्राची ‘एरिथ्रेन्सिस’, इराणी आखाताची ‘पर्सिका’ आणि झांझिबारची ‘झांझिबारेन्सिस’ अशी नावे दिली. पॉलिनेशियातल्या रूपाला रीव्ह यांनी ‘कमिंगी’ म्हटले, हवाई बेटांतल्या रूपाला बार्त्श यांनी 1931 मध्ये ‘गॅल्ट्सॉफी’. यांना कोणी उपजाती म्हणतो, कोणी नुसती रूपे. व्यवहारात ‘मार्गारिटिफेरा’ एवढे पुरते. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची ‘मझाटलानिका’ मात्र बहुतेक अभ्यासक स्वतंत्र जाती मानतात. भारतीय समुद्रांत फ्युकाटा आणि अंदमानकडची मार्गारिटिफेरा यांच्याखेरीज केम्निट्झी, सुगिलाटा, ॲनोमिऑइडिस आणि ॲट्रोपर्प्युरिया या जाती नोंदल्या आहेत. मोत्यांच्या धंद्यात त्यांना स्थान नाही, आणि म्हणून त्यांच्यावर भांडायलाही कोणी फारसे नाही.

कुल आणि गण या वरच्या पायऱ्यांवर वाद वेगळा होतो. बहुतेक पाठ्यपुस्तकांत पिंक्टाडा आणि टेरिया या प्रजाती एकाच ‘टेरिइडी’ कुलात आहेत. हे कुलनाम ग्रे यांचे, 1847 मधले. अलीकडच्या मांडणीत पिंक्टाडासाठी ‘मार्गारिटिडी’ हे वेगळे कुल मानतात, आणि ते ब्लँव्हिल यांच्या 1824 च्या नावावर उभे आहे.

संवर्धक : नदीतल्या शिंपल्यांचे कुल ‘मार्गारिटिफेरिडी’ आणि समुद्रातल्यांचे ‘मार्गारिटिडी’. विद्यार्थ्यांनी हे पाठ कसे करायचे?

वर्गीकरणतज्ज्ञ : सोयीचे नाही, कबूल. पण पिंक्टाडा आणि टेरिया यांना एका कुलात ठेवणे वंशवृक्षात बसत नसेल, तर पाठांतराच्या सोयीसाठी ठेवता येणार नाही. गणाच्या बाबतीत मात्र नव्या मांडणीने सोयच केली आहे. पूर्वी मोत्याचे शिंपले वेगळ्या गणात घालत आणि विद्यार्थ्यांना बजावत, की हे खरे कालव नव्हेत. आता दोघे ‘ऑस्ट्रिडा’ या एकाच गणात आहेत, अधिकुले मात्र वेगळी.

संवर्धक : आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावलेले पातळ शिंपले? तेही आतून चमकतात.

वर्गीकरणतज्ज्ञ : ते प्लाकुना प्लासेंटाचे. त्यांचा गण ‘पेक्टिनिडा’, म्हणजे पंख्याच्या आकाराच्या स्कॅलप शिंपल्यांचा. कोकणात खडकावरून फोडून काढतात ते कालव पिंक्टाडाला खिडकीतल्या शिंपल्यापेक्षा जवळचे.

संवर्धक : आमच्याकडे प्रशिक्षण मागायला येणारे कित्येक जण शेततळ्यात मोती काढायचे म्हणतात. त्यांना वाटते, तोच शिंपला गोड्या पाण्यात वाढवायचा.

वर्गीकरणतज्ज्ञ : त्यांचा शिंपला लॅमेलिडेन्स मार्जिनालिस. त्याचे कुल ‘युनिओनिडी’, गण ‘युनिओनिडा’, उपवर्गही वेगळा. पिंक्टाडाशी त्याचे नाते दोघांना दोन झडपा आहेत आणि दोघांच्या आत चमकदार थर आहे, इथवरच. त्याची अळी पाण्यात तरंगत बसत नाही, माशाच्या कल्ल्यांना किंवा पराला चिकटून वाढते. म्हणून त्या शेतकऱ्यांना पिंक्टाडाच्या उबवणीगृहाची पद्धत शिकवून उपयोग नाही. तळ्यात योग्य मासे आहेत की नाहीत, हे त्यांना आधी विचारा.